वादळी पाऊस मोजलाच गेला नाही, तर तो किती पडला हे कसं ठरवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडगडाटी ढग तास-दोन तास कोसळतो, ओढे फुगतात, पूल वाहून जातो आणि जवळच्या पर्जन्यमापकातला आकडा अगदीच किरकोळ निघतो. मग प्रश्नांची रांग लागते. विद्यार्थी, अभियंते, पत्रकार आणि पुरात नुकसान झालेली माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

पर्जन्यमापक असूनही पाऊस निसटतो कसा?

गडगडाटी पावसाचा सर्वांत जोरदार गाभा बहुतेक वेळा काही किलोमीटरच रुंद असतो. मापकाचं तोंड असतं वीतभर, आणि दोन मापकांमधलं अंतर अनेक ठिकाणी दहा, वीस, पन्नास किलोमीटर. गाभा नेमका मापकावरून जाणं हाच मुळात योगायोग. तो बाजूने गेला की मापक ढगाच्या कडेचा पाऊस दाखवतो आणि नोंदवहीत तोच आकडा कायमचा राहतो.

लेहचं उदाहरण बोलकं आहे. ऑगस्ट २०१० मध्ये तिथे एका रात्रीत चिखल-दगडांचे लोंढे आले आणि शेकडो माणसं गेली. लेहच्या मापकात मात्र जेमतेम १३ मिमी पाऊस भरला होता. एवढ्या पावसाने असे लोंढे येत नाहीत. खरा पाऊस मापकाच्या आवाक्याबाहेर, वरच्या उतारांवर पडला होता.

म्हणून मापकातल्या छोट्या आकड्यावरून ‘तिथे पाऊस कमी झाला’ एवढंच म्हणता येतं, आणि ‘तिथे’ म्हणजे फक्त मापकाच्या तोंडावर. ‘या भागात पाऊस कमी झाला’ हे विधान त्याच्या जोरावर करू नये. कुणाचं घर कशामुळे गेलं, नवा पूल किती उंच हवा, हे निर्णय पुढे याच विधानावर उभे राहतात.

गाभा मापकावरूनच गेला, तर तो आकडा बरोबर धरायचा ना?

बरोबरच्या जवळ धरायचा, पण बहुधा तो थोडा कमी असतो. स्वयंचलित मापकांत सहसा दोन कप्प्यांची डुलती वाटी असते. एक कप्पा भरला की ती कलते, पाणी सांडते आणि एक ठोका नोंदला जातो. ठोका ०.२ मिमीचा असेल आणि पाऊस ताशी १५० मिमीच्या वेगाने पडत असेल, तर दर ४.८ सेकंदांनी वाटी कलते. कलण्यात काही दशांश सेकंद जातात आणि तेवढ्या वेळात पडणारं पाणी आधीच भरलेल्या कप्प्यात जाऊन वाया जातं. हलक्या पावसात हे नगण्य असतं. पाऊस जितका जोरदार, तितकी ही गळती वाढत जाते. दुरुस्ती न केलेल्या मापकात ती १० टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते.

वारा थेंबांना तोंडावरून उडवून नेतो. गारा आणि पालापाचोळा नळी तुंबवतात. साधं हाताने मोजायचं मापक ओसंडून वाहतं. या सगळ्या चुका एकाच दिशेच्या आहेत. सगळ्या पाऊस कमी दाखवतात. त्यामुळे अतिवृष्टीच्या नोंदींचा अभ्यास करताना ‘चुका एकमेकींना खोडून काढतील’ या भरवशावर राहता येत नाही.

मग मोजमाप नसताना हाती काय उरतं?

बरंच काही. उघड्यावरच्या भांड्यांत साचलेलं पाणी, ओढ्याकाठच्या पुराच्या खुणा, रडारची प्रतिमा, उपग्रहाची नोंद, मोबाइल मनोऱ्यांमधल्या लहरींची क्षीणता आणि त्या दिवशीच्या हवेतलं बाष्प. प्रत्येक पुरावा वेगळ्या कारणाने चुकतो. यातच त्यांची ताकद आहे, कारण वेगवेगळ्या कारणांनी चुकणारे तीन पुरावे एकाच आकड्याच्या आसपास आले, तर तो आकडा भक्कम असतो.

भांड्यांतल्या पाण्यावरून पाऊस काढणं शास्त्रीय आहे का?

आहे, आणि तेही दीर्घ परंपरेचं. इंग्रजीत याला ‘बकेट सर्व्हे’ म्हणतात. अमेरिकेत विसाव्या शतकात मोठ्या वादळांनंतर जलअभियंते आणि हवामान विभागाची माणसं घरोघरी जाऊन बादल्या, पिंपं, जनावरांच्या पाण्याच्या टाक्या, बरण्या मोजत. कोलोरॅडोतल्या मे १९३५ च्या वादळात काही ठिकाणी सहा तासांत सुमारे ६०० मिमी पाऊस पडल्याचं अशाच मोजणीतून समोर आलं. पेनसिल्व्हेनियातल्या स्मेथपोर्टजवळ १८ जुलै १९४२ ला साडेचार तासांत सुमारे ७८० मिमी पडला. जागतिक विक्रमांच्या यादीत बसलेला हा आकडाही भांड्यांतल्या पाण्यावरून आलेला आहे. ३१ जुलै १९७६ ला कोलोरॅडोच्या बिग थॉम्पसन दरीत आलेल्या पुरात १४० हून अधिक माणसं मृत्यू पावली. तिथला सुमारे ३०० मिमीचा आकडा ठरवतानाही हीच पद्धत कामी आली.

पद्धत सोपी वाटते, पण आकार फसवतो. समजा एक बादली आहे. तोंडाचा व्यास ३० सेंमी, तळाचा २२ सेंमी, उंची ३० सेंमी. आत २० सेंमी पाणी आहे. पट्टी लावून पाहणारा ‘२०० मिमी पाऊस’ असं लिहून मोकळा होतो. पण बादली खाली निमुळती आहे आणि पाऊस मात्र रुंद तोंडातून आत आला आहे. गणित केलं तर आतलं पाणी सुमारे ९.६ लिटर भरतं आणि तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंमी येतं. भागाकार केला की पाऊस निघतो १३६ मिमी. म्हणजे नुसती पट्टी लावण्याने जवळपास निम्म्याने जास्त आकडा नोंदला गेला असता.

म्हणून खोली मोजण्याच्या भानगडीत न पडता पाणी मोजपात्राने मोजावं आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावं. लिटरला चौरस मीटरने भागलं की उत्तर थेट मिमीमध्ये येतं. भांडं वेडंवाकडं, पोचे आलेलं असलं तरी या रीतीत फरक पडत नाही. तोंड मात्र नीट मोजावं लागतं, आणि ते गोल नसेल तर दोन-तीन दिशांनी.

कोणत्या भांड्याचा पुरावा घ्यावा आणि कोणता सोडावा?

आकड्यापेक्षा भांड्याची जागा आधी बघा. छपराच्या पागोळ्यांखाली, झाडाखाली किंवा भिंतीला टेकून ठेवलेलं भांडं बाद. पोहण्याचा तलाव मोहक वाटतो, पण भोवतालच्या फरशीवरचं पाणी त्यात उतरलं का, हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नका. वाऱ्याने कललेलं, जनावराने तोंड लावलेलं, घरच्यांनी त्यातलं पाणी वापरलेलं, असं काही असेल तर ते लिहून ठेवा आणि त्या नोंदीला कमी वजन द्या.

काठोकाठ भरलेल्या भांड्याचा आकडा हा पाऊस नसून पावसाची किमान मर्यादा असते. तो ‘इतक्याहून अधिक’ असाच नोंदवायचा. नकाशा काढताना हा भेद पुसला जातो आणि ‘१८० मिमीहून अधिक’चं ‘१८० मिमी’ होऊन बसतं. असं होऊ देऊ नका.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे भांडं आधी रिकामं होतं का. तो थेट विचारला तर उत्तर बहुधा ‘हो’ येतं. त्याऐवजी ‘ही बादली शेवटची कधी वापरली होती, कशासाठी?’ असं विचारा. उत्तरातल्या तपशिलावरून खात्री पटते किंवा शंका येते.

आणखी एक कल ध्यानात ठेवायला हवा. लोक तुम्हाला सर्वांत जास्त भरलेलं भांडं दाखवतात, अर्ध्याच भरलेल्या बादल्यांकडे कुणी बोट दाखवत नाही. अंदाज वरच्या बाजूला झुकू नये म्हणून जिथे ‘फार काही पडलं नाही’ असं सांगतात, तिथेही जायला हवं. पावसाच्या पट्ट्याची कड तिथेच सापडते.

किती दिवसांत जायला हवं?

शक्य तितक्या लवकर, दोन-तीन दिवसांच्या आत. बाष्पीभवनाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आवराआवरीने. घर सावरताना माणसं पहिल्यांदा भांडी रिकामी करतात, आणि ते स्वाभाविकच आहे. त्या घरात पूर आलेला असतो. तिथे मोजपट्टी घेऊन जाताना आपण पाहुणे आहोत, तपासनीस नव्हे, याचं भान ठेवायला हवं.

ओढ्याच्या पुरावरून पाऊस उलट काढता येतो का?

येतो, पण दोन पायऱ्या चढाव्या लागतात आणि दोन्ही निसरड्या आहेत.

पहिली पायरी: पुराच्या खुणांवरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहून गेलं ते. खोडांना अडकलेला कचरा, भिंतींवरची गाळाची रेघ, काठावर साचलेली वाळू यांवरून पाणी कुठवर चढलं ते कळतं. ओढ्याचे दोन-तीन आडवे छेद मोजायचे, पाण्याच्या पातळीचा उतार काढायचा आणि प्रवाहाचा वेग देणारं मॅनिंगचं सूत्र वापरायचं. वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि पात्राच्या खडबडीतपणाच्या प्रमाणात घटतो. हा खडबडीतपणा अनुभवाने ठरवायचा असतो. मोठ्या दगडगोट्यांच्या पात्रासाठी कुणी ०.०३५ धरेल, कुणी ०.०६. एवढ्या फरकाने विसर्गाचा आकडा १.७ पट बदलतो. पुरात पात्र खरवडून निघालं असेल, तर आज मोजलेला छेद ऐन पुराच्या वेळच्या छेदाहून मोठा असतो आणि विसर्ग फुगवून दिसतो.

अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेतले जलशास्त्रज्ञ रॉबर्ट जॅरेट यांनी कोलोरॅडोच्या डोंगरी प्रवाहांवर या बाबतीत मोलाचं काम केलं आहे. तीव्र उताराच्या पात्रांत खडबडीतपणा रूढ समजुतीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे जुने काही अंदाज प्रत्यक्षापेक्षा मोठे आले, असं त्यांनी दाखवलं. शिवाय लोंढ्यात निम्मा दगड-चिखल असेल, तर त्याला पाण्याची सूत्रं लावून भलताच विसर्ग निघतो. काठावर न निवडलेला, लहान-मोठे दगड एकत्र कालवलेला ढिगारा आणि कडेने दगडांचे बांध दिसले, तर तो चिखललोंढा होता असं समजावं. ती जागा सोडून पुढची निवडावी.

दुसरी पायरी: विसर्गावरून पाऊस. समजा पाणलोट क्षेत्र ५ चौरस किमी आहे आणि उच्चतम विसर्ग सेकंदाला ६० घनमीटर निघाला. हा विसर्ग सगळ्या क्षेत्रावर पसरला तर ताशी ४३ मिमी होतो. पण पडलेल्या पावसाचा काही भाग जमिनीत मुरतो. निम्मा पाऊस वाहून आला असं धरलं तर पावसाचा वेग ताशी ८६ मिमी. सत्तर टक्के वाहिला असेल तर ६२. पस्तीस टक्केच वाहिला असेल तर १२३. जमीन आधीच भिजलेली होती का, खडकाळ आहे का, वणव्याने होरपळलेली आहे का, याचं उत्तर मिळालं की हा पल्ला आवळता येतो.

आणि हा वेग कोणत्या कालावधीचा? पाणलोटाच्या टोकापासून पाणी मोजणीच्या जागी पोहोचायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्या वेळाचा. पाच चौरस किमीच्या डोंगरी ओढ्यात तो तासाच्या आतच असतो. यातून वादळाचा एकूण पाऊस काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

रडार असताना एवढा खटाटोप कशाला?

रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परत आलेली लहर मोजतं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्यातलं पाणी आठपट होतं, पण परावर्तन चौसष्टपट. म्हणजे थोडे मोठे थेंब आणि पुष्कळ लहान थेंब रडारला सारखेच दिसू शकतात, जमिनीवरचा पाऊस मात्र अगदी वेगळा असतो. गारा तर रडारला पावसाहून फार मोठ्या वाटतात.

परावर्तनावरून पाऊस काढायची सूत्रं अनेक आहेत. मार्शल आणि पामर यांचं १९४८ चं सूत्र प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या रडार जाळ्यात गडगडाटी पावसासाठी एक आणि उष्णकटिबंधीय पावसासाठी दुसरं सूत्र वापरतात. रडारवर ५० डीबीझेड (परावर्तनाचं एकक) दिसत असतील, तर मार्शल-पामर यांचं सूत्र ताशी सुमारे ४९ मिमी देतं, गडगडाटी पावसाचं ६३ आणि उष्णकटिबंधीय पावसाचं १४७. एकाच प्रतिमेतून तिप्पट फरकाचे आकडे निघतात! त्यामुळे ‘रडारनुसार इतका पाऊस झाला’ असं कुणी म्हटलं की कोणत्या सूत्रानुसार, हे विचारायलाच हवं.

२८ जुलै १९९७ च्या फोर्ट कॉलिन्सच्या पुराने हे प्रकर्षाने दाखवून दिलं. कोलोरॅडोतल्या त्या शहरात साडेपाच तासांत काही भागांत सुमारे २५० मिमी पाऊस कोसळला आणि पाच जणांचा जीव गेला. ढग उष्णकटिबंधीय धाटणीचा होता. पाऊस बहुतांशी खालच्या, उबदार थरातच तयार होत होता, गारा आणि विजा त्या मानाने कमी. नेहमीच्या सूत्राने रडारने पाऊस बराच कमी सांगितला. खरं चित्र कळलं ते नंतर शहरभर लोकांकडून गोळा केलेल्या नोंदींतून. त्याच अनुभवातून हवामानशास्त्रज्ञ नोलन डोस्केन यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये ‘कोकोराझ’ हे स्वयंसेवी पाऊस मोजणाऱ्यांचं जाळं सुरू झालं. साधं प्लॅस्टिकचं मापक आणि रोज सकाळी एक नोंद, एवढ्यावर ते उभं आहे. मला या विषयातलं सर्वांत आशादायक काम हेच वाटतं.

अंतराचाही प्रश्न आहे. अर्ध्या अंशाच्या कोनात निघालेला किरण १०० किमीवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून जवळपास दीड किमी वर गेलेला असतो. उबदार पाऊस त्याखालीच वाढत असेल, तर रडारला तो दिसतच नाही. मध्ये डोंगर आला तर विषयच संपला.

दुहेरी ध्रुवीकरणाच्या रडारांनी परिस्थिती खूप सुधारली आहे. आडव्या आणि उभ्या लहरींच्या तुलनेतून थेंब किती चपटे आहेत ते कळतं, गारा वेगळ्या काढता येतात आणि जोरदार पावसाचा अंदाज बराच नेमका येतो. तरीही जमिनीवरच्या चार-दोन खात्रीच्या नोंदी जोडल्या, तर रडारचा नकाशा खऱ्या अर्थाने उपयोगी होतो. पावसाचा आकार रडारकडून घ्यावा आणि प्रमाण भांड्यांकडून.

उपग्रहांचे आकडे तर जगभर फुकट मिळतात. ते पुरेसे नाहीत का?

मोठ्या प्रदेशावर, दिवसभरासाठी ते उत्तम आहेत. एकट्यादुकट्या गडगडाटी ढगासाठी पुरेसे नाहीत. अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेरा ढगाचा माथा किती थंड आहे ते बघतो. पण माथा वाऱ्याने पसरून पन्नास-शंभर किमी दूर गेलेला असतो आणि त्याखाली पाऊस असतोच असं नाही. सूक्ष्मलहरी उपकरणं ढगाच्या आत बघतात, पण ती वाहणारे उपग्रह एका जागेवरून अधूनमधूनच जातात. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोडलेल्या जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाभोवती उभी राहिलेली ‘आयमर्ग’ नोंदमाला अर्ध्या तासाला, ०.१ अंशाच्या चौकटीत पाऊस देते. विषुववृत्ताजवळ ही चौकट सुमारे १२० चौरस किमीची होते. पाच किमी रुंदीचा गाभा तिच्यात सरासरीत विरघळतो. उपग्रहाचा आकडा कमी आला म्हणून घटना किरकोळ ठरवू नका.

मोबाइल मनोऱ्यांवरून पाऊस कळतो, हे खरं आहे का?

खरं आहे. दोन मनोऱ्यांमधली सूक्ष्मलहर पावसातून जाताना क्षीण होते आणि कंपन्या ही क्षीणता जाळ्याच्या देखरेखीसाठी नोंदवत असतात. इस्रायलच्या हागित मेसर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही कल्पना जगापुढे मांडली. नेदरलँड्समध्ये ती देशपातळीवर करून पाहिली गेली. अडचण अशी की अतिवृष्टीत लहर पूर्णच तुटू शकते, आणि मग मिळते ती फक्त किमान मर्यादा. विजांची संख्याही पावसाशी निगडित असते, पण तिच्यावरून मिमीचा आकडा काढू नये. वादळाची वेळ आणि मार्ग पक्का करायला मात्र ती फार उपयोगी पडते.

हाती आलेला आकडा शक्य कोटीतला आहे की नाही, हे कसं तपासायचं?

दोन कसोट्या आहेत. पहिली अनुभवाची. जगभरातले विक्रमी पाऊस कालावधीसमोर, दोन्ही अक्ष लॉगरिदमिक मापाचे असलेल्या आलेखावर मांडले, तर त्यांची वरची कड जवळपास सरळ रेषेत येते. ती अशी लक्षात ठेवता येईल: तासांतल्या कालावधीचं वर्गमूळ गुणिले साधारण ४२० मिमी. पंधरा मिनिटांना २१०, तासाला ४२०, चार तासांना ८४०. जमैकातल्या प्लम पॉइंटचे १५ मिनिटांतले १९८ मिमी (१९१६), रोमानियातल्या कुर्तेआ दे आर्जेशचे २० मिनिटांतले सुमारे २०६ मिमी (१८८९), मिझुरीतल्या होल्टचे ४२ मिनिटांतले ३०५ मिमी (२२ जून १९४७) हे सगळे या कडेच्या खाली, पण तिच्या जवळ बसतात. तुमचा अंदाज कडेच्या वर गेला तर आनंदून जाऊ नका, बादली पुन्हा मोजा.

दुसरी कसोटी बाष्पाची. दमट दिवशी डोक्यावरच्या हवेच्या संपूर्ण स्तंभातलं बाष्प पाण्यात रूपांतरित केलं, तर साधारण ५० ते ८० मिमी भरतं. मग ३०० मिमी कुठून येतात? आजूबाजूची दमट हवा ढगाच्या पायथ्याशी ओढली जाते म्हणून. पायथ्याशी किलोभर हवेत १५ ग्रॅम बाष्प असेल आणि हवा सेकंदाला ५ मीटर वेगाने वर चढत असेल, तर ताशी जवळपास ३०० मिमी पाण्याइतकं बाष्प ढगात शिरतं. त्यातलं निम्मं पाऊस म्हणून खाली आलं तर वेग ताशी दीडशे मिमी. त्या दिवशी सोडलेल्या हवामान-फुग्याच्या नोंदीतून बाष्प आणि चढत्या प्रवाहाचा वेग काढून ही गोळाबेरीज करता येते. हवा कोरडी असताना ताशी दोनशे मिमीचा दावा आला, तर तो संशयास्पद आहे.

एकूण पाऊस मात्र वेगाइतकाच मुक्कामावर ठरतो. ढग जागेवर रेंगाळला, किंवा एकामागून एक ढग त्याच वाटेने गेले, तर साधारण वेगाचा पाऊसही विक्रमी ठरतो.

माझ्याकडे फक्त २४ तासांचे आकडे आहेत. तासाचा किंवा १५ मिनिटांचा पाऊस कसा काढू?

गुणोत्तरं वापरून. भारतात प्रचलित असलेला एक-तृतीयांश घाताचा नियम सांगतो की तासांना २४ ने भागून त्याचं घनमूळ काढा आणि २४ तासांच्या पावसाला त्याने गुणा. तासासाठी ०.३५, तीन तासांसाठी ०.५. तासाच्या आत उतरायचं असेल तर अमेरिकी जलहवामानशास्त्रज्ञ हर्शफिल्ड यांची गुणोत्तरं कामी येतात: ५ मिनिटांत तासाच्या ०.२९, १५ मिनिटांत ०.५७, ३० मिनिटांत ०.७९ पट.

ही बांधकामांच्या आराखड्यासाठीची सरासरी गुणोत्तरं आहेत. एका विशिष्ट वादळाला ती लावू नका. गडगडाटी पाऊस दिवसाचा सगळा कोटा दीड तासात संपवतो आणि तिथे ०.३५ हा गुणक फारच तोकडा पडतो. शिवाय ठरलेल्या वेळी वाचलेला ‘दिवस’ वादळाला मध्येच कापतो. खरा कमाल २४ तासांचा पाऊस दैनिक नोंदीपेक्षा सरासरी १३ टक्के जास्त धरण्याची पद्धत त्यामुळेच पडली.

जिथे नोंदीच नाहीत, तिथे ‘शंभर वर्षांतून एकदा’चा पाऊस कसा काढतात?

शेजाऱ्यांकडून उसना घेऊन. हवामान सारखं असलेल्या प्रदेशातल्या मापकांच्या नोंदी एकत्र करतात. प्रत्येक नोंद त्या जागेच्या सरासरी वार्षिक कमाल पावसाने भागतात, आणि सगळ्यांचं मिळून एक संभाव्यता-वितरण (किती मोठा पाऊस किती वेळा येतो याचा आलेख) बसवतात. नोंद नसलेल्या जागी फक्त सरासरीचा अंदाज करावा लागतो. तो उंची, समुद्रापासूनचं अंतर वगैरेंवरून करता येतो. हॉस्किंग आणि वॉलिस यांनी १९९७ च्या ग्रंथात सविस्तर मांडलेली एल-मोमेंट ही सांख्यिकी पद्धत आज यासाठी खूप वापरात आहे.

गडगडाटी पावसात सावध राहायचं ते दोन बाबतींत. शेजारचे दोन मापक एकाच वादळात भिजले असतील, तर ती दोन स्वतंत्र वर्षं नव्हेत. आणि विरळ मापकांच्या जाळ्यातून सर्वांत मोठे गाभे निसटलेलेच असतात, त्यामुळे वितरणाचं शेपूट मुळातच आखूड निघतं. दुसऱ्या बाबतीत भांड्यांच्या सर्वेक्षणातल्या जुन्या नोंदींचं मोल मोठं आहे.

‘शंभर वर्षांचा’ पाऊस तीस वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के असते, हेही जाता जाता सांगायला हवं. नावामुळे लोक निर्धास्त होतात.

धरणांसाठी वापरतात तो ‘संभाव्य महत्तम पाऊस’ हा यापेक्षा वेगळा असतो का?

हो. त्यात ‘किती वर्षांतून एकदा’ असा प्रश्न नसतो. भौतिकदृष्ट्या जास्तीत जास्त किती, एवढंच विचारलं जातं. घडून गेलेलं मोठं वादळ घेऊन त्यातलं बाष्प त्या जागेच्या कमाल पातळीवर नेतात आणि पाऊस त्या प्रमाणात वाढवतात. नोंदी तुटपुंज्या असतील तर हर्शफिल्ड यांची सांख्यिकी पद्धत वापरतात: वार्षिक कमाल पावसाच्या सरासरीत प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्या मापाची) १५ पट मिळवायची. पुढे त्यांनीच हा गुणक पावसाच्या मानाने आणि कालावधीनुसार ५ ते २० असा बदलता केला. हवा एक अंश तापली की बाष्प धरून ठेवण्याची तिची क्षमता सुमारे ७ टक्के वाढते. म्हणून जुन्या वादळांवर बेतलेली मर्यादा कायमची मानणं आता परवडणारं नाही.

एका बादलीचा आकडा सगळ्या पाणलोटाला लावता येईल का?

नाही. गाभ्यातला कमाल आकडा हा बिंदूचा असतो. क्षेत्र वाढलं की सरासरी झपाट्याने खाली येते, आणि गडगडाटी पावसात ही घसरण संथ, व्यापक पावसापेक्षा कितीतरी तीव्र असते. समपर्जन्य रेषा (सारख्या पावसाच्या जागा जोडणाऱ्या) काढा, क्षेत्रनिहाय सरासरी घ्या आणि मगच विसर्गाशी ताडून बघा.

वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे जुळले नाहीत तर?

सरासरी काढू नका. समजा बादल्या १६० ते १९० मिमी सांगतात, रडार ९०, आणि ओढा म्हणतो २५०. तिन्हींची सरासरी काढली तर कुणालाच मान्य नसलेला आकडा येतो. प्रत्येक पद्धत कोणत्या दिशेने चुकू शकते ते बघा. रडारचं सूत्र ढगाच्या प्रकाराला साजेसं होतं का? ते बदलल्यावर १५० येतं का? ओढ्यात चिखललोंढा होता का, पात्र खरवडलं होतं का? बहुधा दोन पुरावे एकमेकांकडे सरकतात आणि तिसऱ्याच्या चुकीचं कारण सापडतं. कारण सापडलं नाही तर तसं स्पष्ट लिहून पूर्ण पल्ला द्यावा.

अंदाज नोंदवताना काय काय लिहायचं?

आकडा एकटा सोडू नका. सोबत जागा, शक्यतो अक्षांश-रेखांशासह. पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ आणि ती कुणी, कशावरून सांगितली. भांड्याचं वर्णन, तोंडाचं माप, पाण्याचं आकारमान, भांडं ओसंडलं होतं का. आणि तुमचा भरवसा: चांगला, बरा की कमी. वेळ विचारताना घड्याळाची वेळ मागण्यापेक्षा ‘वीज गेली तेव्हा पाऊस सुरू होता का’, ‘पाणी दाराशी आलं तेव्हा उजेड होता का’ असं विचारलं तर उत्तरं जास्त जुळतात. वीज खंडित झाल्याची वेळ पुढे वीज कंपनीच्या नोंदीतून मिनिटाला पक्की करता येते. छायाचित्र पट्टी लावून घ्या, वरून एक आणि बाजूने एक. कच्च्या नोंदी जपून ठेवा. वीस वर्षांनी कुणी चांगल्या पद्धतीने ते वादळ पुन्हा तपासायला बसेल, तेव्हा त्याला तुमच्या निष्कर्षापेक्षा बादलीच्या तोंडाचं माप जास्त हवं असेल.